नकाशावरची मोकळी जागा: माझा अनुभव

आमचं ऑफिस पुण्यात नारायण पेठेत आहे आणि खाली पोळी-भाजी केंद्र. तिथल्या दोघी ताई फुरसुंगीहून येतात, दोन बस बदलून. सकाळी सहाला घर सोडतात, तेव्हा कुठे आठला इथे कणीक भिजते. आणि माझ्या खिडकीतून रोज दिसतो तो एक पडलेला वाडा. पत्र्याचं कुंपण, आत माजलेला एरंड, गेली कित्येक वर्षं तसाच. पेठेत काम करणाऱ्यांना पेठेत घर नाही आणि पेठेतली जमीन अशी पडून, हे मला फार सलायचं. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी आणि माझ्या मैत्रिणीने ठरवलं की अशा जागा किती आहेत आणि त्यातल्या कितींवर लहान लहान घरं बसतील, ते नकाशावरून शोधून काढायचं. दोघी आर्किटेक्ट, पण क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर जेमतेम येत होतं.

सामान फुकटात जमलं. २०१७ साली मंजूर झालेल्या, महापालिकेच्या जुन्या हद्दीच्या डीपीच्या, म्हणजे विकास आराखड्याच्या शीट, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले रस्ते आणि उपग्रहचित्रांवरून गूगलने काढलेल्या इमारतींच्या बाह्यरेषा. पेठेच्या जमिनीतून इमारती वजा करायच्या, रस्ते वजा करायचे, उरेल ते मोकळं, असा आमचा सरळ हिशोब होता.

तो पहिल्याच रात्री कोसळला. पेठेत भिंतीला भिंत आणि पत्र्याला पत्रा लागलेला, त्यामुळे दहा घरांची मिळून एकच इमारत झालेली. उलट वाड्याचा चौक, जिथे तुळस आहे, नळ आहे, दोरीवर कपडे वाळतायत, तो मात्र ‘मोकळा’ निघाला. पहिल्या गाळणीतल्या निम्म्याहून जास्त जागा असे नांदते चौक होते. मग चारी बाजूंनी बांधकामाने वेढलेले तुकडे काढून टाकले आणि उरलेला प्रत्येक तुकडा उपग्रहचित्रावर डोळ्यांनी तपासला. यात दोन महिने गेले. हे काम संगणकावर सोडून चालत नाही.

दुसरी चूक माझी. डीपीची शीट खऱ्या नकाशावर बसवताना मी चौकांचे कोपरे खुणेसाठी धरले होते. पण रस्ता रुंद झाला की कोपराच सरकतो. सगळी शीट साधारण चार मीटर पश्चिमेला बसली. बाणेरसारख्या उपनगरातल्या मोठ्या प्लॉटला चार मीटर खपून जातील. इथे प्लॉटचं तोंडच चौदा फुटांचं, म्हणजे शेजाऱ्याचं आरक्षण (डीपीत सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) आपल्या जागेवर येऊन बसतं. शेवटी शनिवारवाड्याचे बुरूज आणि जुन्या देवळांचे कोपरे धरले, तेव्हा शीट जागेवर आली. पुण्यात काम करणाऱ्यांनी मोजमापासाठी यूटीएम ४३ उत्तर हे प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरमध्ये मांडायची पद्धत) आधीच लावून घ्यावं, नाहीतर क्षेत्रफळं भलतीच येतात.

मग वगळायच्या जागा. शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. ते वर्तुळ काढलं आणि कसब्याचा, शनिवार पेठेचा मोठा भाग यादीतून गेला. तिथल्या वाडेमालकांची घालमेल मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळली. नदीकडे निळ्या पूररेषेच्या, म्हणजे वारंवार येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आतलं सगळं काढलं. निळी आणि लाल रेषा (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) यांच्यामधलं अटींवर चालतं, तरी आम्ही तेही सोडलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा याच काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या होत्या. आंबील ओढ्याच्या कडेची जमीन तर नकाशावर फार मोहात पाडते, सलग आणि हिरवी. सप्टेंबर २०१९ ची ओढ्याच्या पुराची रात्र ज्याने पाहिली आहे, तो तिथे घराची रेघ ओढणार नाही.

उरले ६४ तुकडे. त्यांचा क्रम लावताना मंडई आणि कसबा पेठ या मेट्रो स्थानकांपासूनचं चालत अंतर धरलं, समोरच्या रस्त्याची रुंदी धरली (किती उंच आणि किती बांधता येईल ते बरंचसं तिच्यावरच ठरतं) आणि मग रोज सकाळी ऑफिसआधी चालत सुटलो.

नाना पेठेतला एक तुकडा आमचा लाडका होता. साधारण १९० चौरस मीटर, पूर्ण मोकळा, आरक्षण नाही. बोळातून आत गेलो. दगडी जोतं शाबूत होतं, शेजारच्या भिंतीवर पडलेल्या खोल्यांचा निळा चुना आणि एक देवळी, देवळीत अजून काजळी. भिंतीच्या सांध्यातून उंबर फुटलेला. मी टेप काढली आणि मैत्रिणीला म्हटलं, “अगदी मोकळी आहे गं.” मागून आवाज आला, “मोकळी कुठाय? मी राहते की इथं.”

उंबराच्या आड एक खोली उरली होती. पत्रा गंजून मातीच्या रंगाचा झालेला, म्हणून चित्रात दिसलाच नव्हता. आजींनी आम्हाला बसवलं, चहा ठेवला आणि ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली. तीत भाड्याच्या पावत्या, वर्षावार दोऱ्याने बांधलेल्या. वाडा पडला तेव्हा बाकीचे चार भाडेकरू धायरी, कात्रजकडे पांगले. “पावत्या सगळ्यांकडे आहेत,” आजी म्हणाल्या, “कुणी टाकल्या नाहीत.”

त्या संध्याकाळी आम्ही भूमापन खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांकडे गेलो. तोवर आम्ही प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे त्याचा सरकारी उतारा, शेवटी बघायचं ठरवलं होतं. काका म्हणाले, “उलटं करताय. आधी कार्ड, मग टेप.” महाभूमी या राज्याच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचं कार्ड काढलं, तर धारकांच्या रकान्यात अकरा वारस, त्यातल्या तिघांच्या नोंदीच झालेल्या नाहीत, आणि खाली दाव्याचा शेरा. भाडेकरूंचं कार्डावर नावही नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलंय की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. कुंपणाचा पत्रा मारून वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या मालकांना आणि हात चोळत बसलेल्या भाडेकरूंना, दोघांनाही हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. मला याचं अजून वाईट वाटतं.

मग सगळ्या ६४ जागांची कार्डं काढली. कुठे कज्जा, कुठे ट्रस्टची जमीन. कितीतरी तुकडे इतके अरुंद की सामासिक अंतर (प्लॉटच्या कडेने मोकळी ठेवायची जागा) सोडलं की जिन्यापुरतीच जागा उरते. शेजारचा प्लॉट सोबत आला तरच तिथे काही होईल. सगळं गाळून हातात नऊ जागा राहिल्या. आमच्या ढोबळ आराखड्यांप्रमाणे आधीच्या भाडेकरूंना घरं देऊनही त्यांत तीसेक छोटी घरं जास्तीची बसतात. आकडा लहान वाटेल. पण ती घरं मंडईपासून चालत दहा मिनिटांवर आहेत.

नाना पेठेतली जागा आम्ही यादीतून काढली नाही, फक्त तिचा रंग बदलला. ‘मोकळी’ हा शब्दच नकाशावरून काढला आणि प्रत्येक जागेला एक नवा रकाना जोडला: इथे कोण राहतं, कोण राहत होतं. आजींच्या शब्दावर दोन वारस बोलायला तयार झालेत. येत्या रविवारी त्याच जोत्यावर बैठक आहे. धायरीचे दोघे पावत्या घेऊन येणार आहेत. नकाशाची मोठी प्रिंट मी काढून ठेवली आहे, आणि आजींनी पेनाने तिच्यावर कुणाची खोली कुठे होती ते लिहून दिलंय.