कोण लागता?

काल रात्री दाखल करण्याच्या खिडकीवर अर्ज भरताना पलीकडच्या बाईंनी मान वर न करताच विचारले, "पेशंटच्या तुम्ही कोण लागता?" आणि माझ्या तोंडून निघून गेले, "कोणी नाही." त्यांनी 'नाते' या रकान्यात आडवी रेघ ओढली आणि पुढचा प्रश्न विचारला. अक्का माझ्यामागेच चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी ऐकले असेल का?

घरी आल्यावर डोळा लागेना, म्हणून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढला. 1831 सालचा हा कोश 1857 साली वाढवून पुन्हा निघाला, आणि माझ्याकडे त्याच दुसऱ्या आवृत्तीची प्रत आहे. 'लागणे' उघडून बसले. हा शब्द मूळचा संस्कृत 'लग्' धातूचा, म्हणजे चिकटणे. 'लग्न', 'संलग्न' आणि 'लगत' त्याच घरातले. उसाचीही लागण होते आणि रोगाचीही. भूक लागते, ठेच लागते, तेव्हा जे काही लागते ते बाहेरून येऊन आपल्याला चिकटते आणि आपण नुसते 'मला' होऊन उभे असतो. नात्याच्या प्रश्नात मात्र चिकटणारी मी असते. मी त्यांची कोण लागते, हे मलाच सांगायचे होते आणि मी नाही म्हणाले.

बोलणेही लागते. रात्रभर मी याच अर्थापाशी घुटमळत राहिले. अक्कांना माझे बोलणे लागले असेल, तर त्या ते दाखवणार नाहीत, आणि मला विचारताही येणार नाही.

मला आणखी एक गोष्ट सुचली, ती लिहून ठेवते. 'जाऊ लागले' म्हणजे सुरुवात आणि 'जावे लागले' म्हणजे सक्ती. क्रियापद तेच, फरक काय तो 'जाऊ' आणि 'जावे' एवढाच. मी अक्कांकडे जाऊ लागले ते आवडीने, पण गेल्या वर्षभरात कितीदा तरी मनात 'जावे लागते' असेच म्हटले आहे, आणि कालचे 'कोणी नाही' त्याच थकव्यातून आले असावे. माझ्या वेळी खिडकीशी कोण उभे राहील, हा विचारही येऊन गेला. तो इथे वाढवत नाही.

पहाटे अक्कांचा फोन आला. त्यांना जवळचा चष्मा आणि लोकरीचे मोजे लागत होते. "आणि लवकर निघ, तुला तयार व्हायला फार वेळ लागतो," असे त्या नेहमीच्याच चढ्या आवाजात म्हणाल्या. त्या आवाजात मी रात्रीचे काही शोधत राहिले, पण हाती काही लागले नाही. उलट इतक्या हक्काने रागावलेले ऐकून मला बरे वाटले.

पिशवी भरून झाली आहे. त्या बाई खिडकीवर असतील, तर तो अर्ज परत मागून घेणार आहे. रेघेच्या जागी कोणता शब्द लिहायचा, ते अक्कांनाच विचारेन.