अधिकातले तेहेतीस

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळचे दहा. ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, तापत आला होता, पहिला ट्रे माझ्या हातात होता आणि ओटीजीचा दिवा गेला. पाठोपाठ पंखा घरघरत थांबला. आतल्या खोलीत मुलाचा ऑनलाइन वर्ग चालू होता, त्यातल्या बाईंचा आवाज अर्ध्या वाक्यात तुटला. ओट्यावर ओल्या पंचांखाली गुळाच्या सावरडो पावाचे ३३ गोळे फुगत होते. ते कुणासाठी थांबणारे नव्हते.

मी मुलुंड पूर्वेला राहते. त्या वर्षी टाळेबंदीत माझी नोकरी गेली आणि मार्चपासून हौसेने सांभाळलेलं पिठाचं विरजण पोटापाण्याच्या कामाला आलं. सावरडोचं स्टार्टर म्हणजे नुसतं पीठ आणि पाणी. त्यात पिठातलंच रानटी यीस्ट वाढतं आणि ताकातल्यांसारखे आंबट करणारे जिवाणूही वाढतात. रोज थोडं काढायचं, नवं पीठ-पाणी घालायचं. सासूबाई त्याला पहिल्या दिवसापासून विरजण म्हणतात, मीही तेच म्हणते. आठवड्याला दहा-बारा पाव सोसायटीत जायला लागले होते.

ही ऑर्डर मात्र वेगळी होती. अधिक आश्विन चालू होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या लेकीचं लग्नानंतरचं पहिलं अधिक, तेव्हा जावयाला वाण द्यायचं. अधिकातलं वाण जाळीचं हवं, म्हणजे अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक असं काही, आणि तेही ३३. पण गणपतीत काकूंचा खांदा निखळला होता, अनारसे थापणं शक्य नव्हतं आणि विकतचे त्यांच्या मनाला पटत नव्हते. एका संध्याकाळी त्यांनी जिन्यात, चार पायऱ्या वरून विचारलं, "अगं, तुझ्या त्या पावाला जाळी असते ना? गोड होईल का तो?" मंगळवारी एकादशी, लेकीचा उपास, म्हणून सोमवारी संध्याकाळीच हवं होतं. मी हो म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते मला दिसलं, त्यामुळे या ऑर्डरचं वजन मला पहिल्या दिवसापासून जाणवत होतं.

गोड सावरडो अवघड असतो. आंबवणं आणि गोडी एकमेकांना ओढत असतात. थोडी साखर यीस्टचं खाद्य असते, पण पिठाच्या दहा टक्क्यांच्या वर गेली की तीच साखर यीस्टच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढते आणि पीठ सुस्तावतं. मला किलोभर पिठाला १८० ग्रॅम गूळ हवा होता, कारण काकूंना 'गोडसर' नको होता, गोड हवा होता. पहिल्या खेपेला सगळा गूळ सुरुवातीलाच घातला. दहा तास पीठ पातेल्याच्या तळाशी दगडासारखं बसून राहिलं. शेवटी फुगलं तेव्हा आंबट झालं होतं आणि हाताला चिकटून ओघळत होतं. त्या गोळ्यांचे पाव दाट झाले. जाळी नव्हतीच.

उत्तर मला अनारशाच्या पिठातच मिळालं. तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत सुकवायचे, दमट असतानाच दळायचे आणि गूळ मिसळायचा तो त्यानंतर. गूळ पडला की ते पीठ डब्यात कितीतरी दिवस राहतं. म्हणजे गूळ आंबणं धरून ठेवतो हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीतच होतं. मी तेच केलं. चार दिवस आधीपासून विरजण घट्ट, पोळीच्या कणकेसारखं ठेवलं आणि त्याला रोज चिमूट-चिमूट गूळ देऊन सवय लावली. असं गोड-घट्ट विरजण आंबटही कमी होतं, कारण गुळाचा ताण आंबट करणाऱ्या जिवाणूंना जास्त जाचतो आणि यीस्ट तग धरतं. उरलेला गूळ कोमट दुधात विरघळवून, गाळून, थंड करून पीठ फुगायला लागल्यावर दोन हप्त्यांत मळला. तूप सगळ्यात शेवटी. वेलची आणि जायफळ बेताने. दालचिनी मुद्दाम टाळली, ती यीस्टला मारक असते. ८०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम कणीक. साठ-साठ ग्रॅमचे ३३ गोळे वळले, माथ्यावर दाबून खसखस लावली, अनारशाला लावतात तशी. रात्री अकराला सगळे ट्रे फ्रिजमध्ये गेले. सकाळी सहाला बाहेर काढले. दहाला ते अगदी योग्य वेळेवर होते. बोट टेकवलं तर खळगा हळूहळू, आळसावून भरून यायचा.

आणि वीज गेली.

आधी वाटलं आमच्याच इमारतीचा फ्यूज असेल. मग फोनवर फोन सुरू झाले. दादर, बोरिवली, ठाणे, सगळीकडे अंधार. लोकल जिथल्या तिथे उभ्या. कळवा-पडघा भागातल्या उच्चदाबाच्या वाहिन्यांत बिघाड झाल्याचं नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की तासा-दोन तासांत काही होणार नाही, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंख्याशिवाय स्वयंपाकघरात पीठ किती वेगाने पुढे जातं हे मला चांगलं माहीत होतं. हवा आठ-दहा अंशांनी तापली की आंबण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. वेळ टळली की आम्ल पिठातली ओढ खाऊन टाकतं, गोळा पसरतो आणि जाळी मिटते.

दोन ट्रे परत फ्रिजमध्ये सरकवले. फ्रिज बंद असला तरी आतला गारवा होता. तिसऱ्या ट्रेमधले चार गोळे घेऊन गॅसवर प्रयोग केला. जाड कढईत मिठाचा थर, त्यावर जाळी, त्यावर ताटली, वर झाकण, केक करतात तसं. वीस मिनिटांनी झाकण उघडलं तर गोळ्यांचे माथे फिकट, कणकेच्या रंगाचे, आणि खालून जळक्या गुळाचा कडू वास. उलटून पाहिलं तर बूड काळं. गूळ खालच्या आचेला लगेच करपतो, आणि वरून आच नसेल तर पावाला रंग चढतच नाही. एक पाव मोडला. मध्ये ओला होता. चारही बाजूला ठेवले आणि माझे हात थरथरायला लागले. चार गेले याचं दुःख होतंच, पण पुढचे २९ कसे भाजायचे याचा रस्ता दिसत नव्हता याचं जास्त.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, आम्ही नानकटाई घरी कुठे भाजायचो? पत्र्याच्या ट्रेमध्ये थापून बेकरीत न्यायचो. भट्टीला वीज कुठे लागते?"

आमच्याकडून स्टेशनाकडे जाताना एक जुनी पावाची बेकरी होती. तिथे लाकडाची भट्टी. मी रोज तिथून जायची, पण कधी आत डोकावले नव्हते. मुलाला म्हटलं, वर्ग बंदच आहे, चल. त्याने दोन ट्रे घेतले, मी एक, वर ओले पंचे, तोंडाला मास्क. लिफ्ट बंद, चौथ्या मजल्यावरून जिना. रस्त्यावर सिग्नल बंद, चौकात रिक्षांची गर्दी झालेली, आणि आम्ही दोघं ट्रे आडवे धरून, धक्का लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने चाललो. फुगलेल्या गोळ्याला धक्का बसला तर आतली हवा बसते.

बेकरीत विलक्षण शांतता होती. पीठ मळायचं यंत्र विजेवर चालणारं, त्यामुळे दुपारच्या पावाचं पीठ मळलंच गेलं नव्हतं. भट्टी तापलेली आणि रिकामी. मास्तर पिठाच्या पोत्यावर बसून वारा घेत होते, साठीचे, उत्तर प्रदेशातले. मी घाईघाईत सगळं सांगितलं. ते उठले, पंचा उचलून एका गोळ्याला बोट लावलं, वाकून वास घेतला आणि विचारलं, "इसमें गुड़ है?" मी हो म्हटलं. "तो अभी नहीं. भट्टी तेज है."

त्यांनी भट्टीचं लोखंडी दार सरकवलं. आत विटांची बुटकी, खोल गुहा. निखारे कधीच बाजूला ओढलेले, उष्णता सगळी विटांत साठलेली. मास्तरांनी चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर फेकला. मैदा पडताच काळा झाला. दार उघडंच ठेवलं. पाच मिनिटांनी पुन्हा चिमूट. आता काळा व्हायला थोडा वेळ लागला. मी घड्याळाकडे आणि गोळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. कडेचा एक गोळा पसरायला लागला होता, त्याच्या माथ्यावरची खसखस विरळ दिसत होती. मी म्हटलं, "मास्तर, ते उतरतील." त्यांनी मान हलवली, पण ट्रेला हात लावला नाही. तिसरी चिमूट, चौथी. पाचव्या वेळी मैदा आधी पिवळसर झाला, मग बदामी, मग हळूहळू तपकिरी, आणि तिथेच थांबला. "अब डालो."

लांब दांड्याच्या लाकडी फळीवर एकेक ट्रे बसवून त्यांनी तिन्ही आत सरकवले आणि दार लावलं.

वाट बघताना त्यांनी विचारलं, यीस्ट कुठलं? मी विरजणाचं सांगितलं. ते म्हणाले, त्यांचे चाचा यीस्ट विकत आणतच नसत, आदल्या दिवशीचं पीठ राखून ठेवायचे. मला वसईचे फुगे आठवले, म्हणजे तळलेले गोल पाव. आमची एक ईस्ट इंडियन शेजारीण सांगायची की पूर्वी फुगे माडीवर, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसावर, फुगवत. गोव्यात पोर्तुगिजांच्या पावालाही यीस्टऐवजी माडीच लागली आणि आपला पाव हा शब्दही तिथूनच आला. म्हणजे मी परदेशी म्हणून शिकलेला हा पाव मुंबईच्या भट्टीला काही नवा नव्हता.

आता त्या भट्टीबद्दल लिहिताना एक गोष्ट सांगायला हवी. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. ते योग्य झालं असं माझं मत आहे. त्या दिवशी बेकरीत मी जेमतेम तासभर होते आणि माझे डोळे चुरचुरत होते. मास्तर तिथे दिवसाचे बारा तास उभे असत आणि दर चार वाक्यांनी खोकत असत. तरीही विटांनी शोषलेल्या त्या उष्णतेने, वरून-खालून-बाजूंनी सारखी भाजणारी, माझ्या पावांना जे दिलं ते माझ्या ओटीजीने आजवर दिलेलं नाही.

अठरा मिनिटांनी दार उघडलं. आधी वास आला, भाजलेल्या गुळाचा, जायफळाचा, त्यामागे खसखशीचा. मग रंग. अनारशासारखाच गडद बदामी, माथ्याला थोडा जास्त. उतरायला लागलेला तो कडेचा गोळाही उभा राहिला होता. मास्तरांनी एक पाव उचलून त्याच्या बुडावर बोटाने टिचकी मारली. पोकळ आवाज आला. पैसे विचारले तर त्यांनी हात जोडले. मी तिथून निघताना त्यांच्यासाठी पाव ठेवूही शकले नाही, कारण मोजून २९ होते. ते मनाला फार लागलं. पुढच्या शनिवारी त्यांच्यासाठी मोठा पाव करून नेला.

घरी आलो. २९. वाणाला ३३ लागतात. काकूंना २९ कसे सांगायचे? बाकीचं पीठ संपलेलं, वीज अजून नव्हतीच. सासूबाई काही न बोलता फडताळातून एक डबा काढून आल्या. आठवड्यापूर्वी त्यांनी माझ्या नणंदेचं वाण दिलं होतं, त्यातलं मूठभर अनारशाचं पीठ उरलेलं. म्हणाल्या, "चार होतील. गॅस आहे ना?"

पहिला अनारसा तुपात गेला आणि हसला. कडा विरून पसरायला लागल्या. सासूबाईंनी तो झाऱ्याने बाजूला घेतला, पिठात चिमूटभर कोरडी तांदळाची पिठी मिसळली आणि पुन्हा थापला, खसखशीची बाजू वर. या वेळी तो जागेवर राहिला. झाऱ्याने वरून तूप उडवत राहिल्या आणि बारीक-बारीक भोकं उमलत गेली. चार अनारसे, एकही जास्त नाही. हसलेला मुलाने खाल्ला.

सव्वासहाला जावई नौपाड्याहून स्कूटरवर आले. काकूंकडे मेणबत्ती लावलेली, ताटातला वाणाचा दिवा त्याशेजारी. मी खरं काय घडलं ते सांगितलं. जळलेले चार, बेकरी, डबा, सगळं. काकूंनी ताटातले पाव मोजले, मग अनारसे, आणि मोजून झाल्यावर एक पाव लेकीच्या हातात दिला. तिने तो दिव्याजवळ धरून मोडला. आत जाळी होती, मोठी नाही, पण टोकापासून टोकापर्यंत. भोकांच्या भिंती उजेडात चकाकत होत्या.

आमच्या इमारतीत दिवे लागले तेव्हा ते दोघे निघून गेले होते.

२०२३ मध्ये अधिक श्रावण आला. पहिल्याच आठवड्यात काकूंचा फोन. खांदा आता पूर्ण बरा होता, अनारसे त्या स्वतः थापू शकत होत्या. म्हणाल्या, "वाणाचं सांगायला फोन केला. २९ पाव कर. आणि आईंना म्हणावं, चार अनारसे त्यांच्याच हातचे हवेत."