बर्डबाईंच्या पत्रांसोबत जपानचा पावसाळा

10 जून

येथे त्सुयु लागला, म्हणजे जपानचा पावसाळा सुरू झाला. आपल्याकडच्या मृगासारखा तो विजा कडाडत येत नाही; बारीक झड लागते आणि जुलैच्या मध्यापर्यंत भिंती, पुस्तके, अंथरुणे सगळे दमट राहते. टोकियोच्या उत्तरेकडील उत्सुनोमियाला राहायला आल्यापासून माझ्या मनात होते की इझाबेला बर्ड या इंग्रज प्रवासी लेखिकेची जपानमधली पत्रे त्या त्या तारखेच्या आसपास वाचावीत. 10 जून 1878 रोजी बाई टोकियोहून उत्तरेकडे निघाल्या, म्हणून आजचा मुहूर्त धरला.

यॉर्कशरमध्ये 1831 साली एका पाद्र्याच्या घरी जन्मलेल्या या बाईंना लहानपणापासून पाठीच्या कण्याचे दुखणे होते. डॉक्टरांनी हवापालटासाठी समुद्रप्रवास सुचवला आणि त्यातून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, हवाई, रॉकी पर्वत असे एकामागून एक प्रवास घडत गेले. जपानला पोचल्या तेव्हा त्यांचे वय 46 होते. स्कॉटलंडमध्ये राहणारी धाकटी बहीण हेन्रिएटा हिला लिहिलेली ही पत्रे 1880 साली लंडनच्या जॉन मरे यांनी दोन खंडांत छापली. सम्राटाची सत्ता पुन्हा आणणाऱ्या मेजी क्रांतीला तेव्हा दहाच वर्षे झाली होती. परकीयांना तहाने खुल्या झालेल्या बंदरांपासून दहा री, म्हणजे सुमारे 40 किलोमीटर, यापलीकडे परवान्यावाचून जाता येत नसे आणि परवान्यात मार्गही लिहून द्यावा लागे. ब्रिटिश राजदूत सर हॅरी पार्क्स यांच्या खटपटीमुळे बाईंना मार्गाचे बंधन नसलेला परवाना मिळाला. रानात विस्तव पेटवू नये, आग लागलेली पाहायला घोड्यावरून जाऊ नये, देवळांच्या भिंतींवर काही लिहू नये, अशा त्यातल्या अटी त्यांनी बहिणीला कळवल्या आहेत. या अटींवरून आधी येऊन गेलेल्या परकीयांचे वर्तन कसे होते याचाही अंदाज येतो.

पहिल्या रात्रीचा मुक्काम कासुकाबेच्या सराईत होता. खोलीच्या कागदी सरकत्या दारांना भोके पडलेली होती आणि प्रत्येक भोकाला एक डोळा लागलेला होता. पिसवा आणि डास होते, शेजारी गाणे-बजावणे चालले होते, आणि एकट्या बाईला आडोसा म्हणावा असे काहीच नव्हते. त्या रात्रीचे पत्र खऱ्याखुऱ्या भयाने भरलेले आहे. पुस्तक छापताना बाईंनी ते पत्र सौम्य केले नाही. त्याखाली फक्त एक टीप घातली, की एकट्या स्त्रीला अशी भीती वाटणे स्वाभाविक असले तरी तिला वास्तविक आधार नव्हता, नंतर आपण देशाच्या अंतर्भागात आणि होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावर 1,200 मैल निर्धास्त हिंडलो, आणि स्त्रीने इतक्या सुरक्षितपणे, कोणाचा उद्धटपणा न सोसता प्रवास करावा असा दुसरा देश जगात नसावा. या एका टिपेमुळे मला हे सारे लेखन विश्वासाचे वाटते. नंतरचे शहाणपण मूळ पत्रात मिसळून पहिले मत पुसून टाकणे सहज शक्य होते. पण भीतीही खरी आणि तिचे निराधार असणेही खरे, आणि दोन्ही एकाच पानावर वाचायला मिळतात.

15 जून

आज निक्कोला जाऊन आले. बाई जेथे उतरल्या होत्या ते कानाया कुटुंबाचे जुने घर 2015 पासून लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. झेनइचिरो कानाया हे तोशोगु देवस्थानात वादक होते. डॉक्टर हेपबर्न या अमेरिकन मिशनऱ्यांच्या सल्ल्यावरून त्यांनी 1873 पासून परकीय पाहुण्यांना घरातल्या खोल्या देण्यास सुरुवात केली, आणि आजचे कानाया हॉटेल त्यातूनच उभे राहिले. खोल्या इतक्या नितळ होत्या की शाई सांडेल, चटईला खळगा पडेल किंवा खिडकीचा कागद फाटेल अशी धास्ती बाईंना सतत वाटे. घराचे लाकूड आज काळवंडले आहे, तरी वरच्या मजल्यावर उभे राहिल्यावर ती धास्ती समजते.

टोकियोहून निक्कोपर्यंतचे 90 मैल त्यांनी तीन हातरिक्षांतून तीन दिवसांत पार केले होते. माथेरानला आपण ज्या हातरिक्षा पाहत आलो त्यांचे मूळ ही जपानी गाडीच. ओढणाऱ्यांपैकी एकाला वाटेत असह्य वेदना होऊ लागल्या. त्याने आपल्या जागी माणूस मिळवून दिला आणि आजारपणाच्या नावाखाली बक्षीस मात्र मागितले नाही. निक्कोला निरोप घेताना त्या ओढणाऱ्यांनी डोंगरातून अझेलिया या फुलझाडाच्या फांद्या आणून दिल्या. बाईंच्या योकोहामाच्या पहिल्या पत्रात रस्त्यावरच्या लोकांची वर्णने कठोर आहेत. बुटके, कुरूप, फेंगड्या पायांचे, आत गेलेल्या छातीचे असे शब्द त्या वापरतात, आणि वाचताना मला राग आला. पण त्याच वाक्यात त्या असेही नोंदवतात की रिकामटेकडा कोणी दिसला नाही, ज्याला त्याला आपले काहीतरी काम होते. अझेलियाच्या फांद्यांपर्यंत येता येता छाती आणि पाय मागे पडतात आणि माणसे दिसू लागतात.

मला या पत्रांत सर्वांत आवडतो तो इरिमिचीचा, म्हणजे कानायांच्या वाडीचा, दिवस. राजवाडे आणि देवळे पुष्कळ प्रवाशांनी वर्णिली आहेत. या बाई मात्र पहाटे घर कसे उठते ते सांगतात. गाद्या घडी करून लाकडी उशांसह कपाटात जातात, चटया झाडल्या जातात, लाकूडकाम पुसले जाते, बाहेरच्या फळ्या सरकवून उजेड आत घेतला जातो, मग न्याहारी होते. सात वाजता शाळेचा ढोल वाजतो. शाळेची इमारत त्यांना इंग्लंडमध्येही शोभेल अशी वाटली, पण जमिनीवर बसायची सवय असलेली मुले उंच बाकांवर अवघडून बसलेली पाहून, हे जरा जास्तच युरोपी झाले, असेही त्यांनी लिहिले. शिक्षणाचा नवा कायदा 1872 चा. सहाच वर्षांत डोंगरातल्या वाडीला शाळा मिळाली होती. संध्याकाळी घराघरांतून धडे घोकण्याचा गुणगुणाट ऐकू येई. खेळात तर मुलांनी भुंगेऱ्यांच्या पाठीवर कागदाचे जू चिकटवून आठ भुंगेऱ्यांकडून तांदळाचे ओझे चढावर ओढवून घेतले होते. कोणत्याही सरकारी अहवालात हे सापडणार नाही.

याच वाडीत त्यांनी सकाळी सहाच्या सुमारास एका बुटक्या भिंतीवर ओळीने बसलेले बारा-चौदा पुरुष पाहिले. प्रत्येकाच्या हातात दोन वर्षांच्या आतले मूल होते. बाप त्याला खेळवत होते आणि त्याच्या अंगापिंडाचे व हुशारीचे कौतुक एकमेकांना सांगत होते. आपल्या मुलाबाळांत इतका आनंद मानणारी माणसे आपण कोठे पाहिली नाहीत, असे बाई म्हणतात. हे वाचताना मी बराच वेळ थांबले. त्याच काळात आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल कडेवर घेणे बापाला अशोभनीय मानले जाई. माझ्या आजीच्या सांगण्यातही ते होते. इरिमिचीच्या बापांना यात नोंदवण्याजोगे काही वाटले नसणार, म्हणूनच परक्या बाईने ते नोंदवले हे बरे झाले.

26 जून

निक्कोनंतरची पत्रे जड आहेत. 24 जूनला ओझ्याचे घोडे घेऊन बाई डोंगरात शिरल्या आणि फुजिहारापासून पुढे वेगळाच जपान सुरू झाला. अंगावर पुरते वस्त्र नसलेली माणसे, धुराने भरलेली घरे, मुलांच्या डोक्यांवर खरजेचे फोड, सुजलेले डोळे. घोड्यांच्या खुरांनाही गवताचे जोडे घालत, ते काही मैलांत झिजत आणि वाट थांबवून नवे बांधावे लागत. कायाशिमा येथे पन्नाशीच्या वाटणाऱ्या घरधनिणीला वय विचारले, तर तिने बावीस सांगितले. पाच वर्षांचा मुलगा अजून अंगावर पीत होता. या नोंदीनंतर बाई कोणतीही शेरेबाजी करत नाहीत. प्रस्तावनेत मात्र त्या स्पष्ट सांगतात की शेतकऱ्यांचे हे चित्र काहींना नकोसे वाटेल, पण ही दृश्ये मी निर्माण केली नाहीत, शोधायलाही गेले नव्हते, सत्यासाठी ती मांडते.

काही वाचकांना यात गोऱ्या बाईचा तिरस्कार दिसतो, आणि तो कोठे कोठे आहेच. तरी मला वाटते की युरोपात जपानची कौतुके पंखे आणि चिनीमातीवर चालली असताना पिसवांबद्दल आणि त्वचारोगांबद्दल लिहिणे हे त्या शेतकऱ्यांच्या बाजूचेच काम होते. जपानी लोकजीवनाचे थोर अभ्यासक मियामोतो त्सुनेइची यांनी या पत्रांवर व्याख्याने दिली, ती याच कारणाने: गावकऱ्यांना जे रोजचे होते ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले नव्हते.

याच मुलखात दळणवळणाची व्यवस्था मात्र चोख होती. रिकुउन काइशा या वाहतूक कंपनीच्या कचेऱ्या गावोगाव होत्या. घोडा आणि त्याला धरून चालणारा माणूस यांचा दर ठरलेला असे, साधारण एका रीला सहा ते दहा सेन (येनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेन), आणि पैसे दिल्यावर रीतसर पावती मिळे. एकदा मुक्कामी पोचल्यावर सामानाचा एक पट्टा हरवलेला आढळला. अंधार पडला असूनही घोडेवाला तो शोधायला एक री मागे गेला, आणि बाई पैसे देऊ लागल्या तेव्हा त्याने घेतले नाहीत; सर्व सामान नीट पोचवणे ही आपली जबाबदारी आहे, असे त्याचे म्हणणे होते.

18 जुलै

पाऊस ओसरतो आहे. योनेझावाच्या मैदानाचे पत्र वाचले. नांगराने नव्हे तर पेन्सिलीने कसलेली शेते, असे बाई तिथल्या मशागतीविषयी लिहितात, आणि जमीन कसणाऱ्यांच्याच मालकीची असल्याचा त्यांना मनापासून आनंद होतो. त्याआधी तेनोको गावी घरातल्या बायकांनी उकाडा पाहून त्यांना तासभर पंख्याने वारा घातला. पैसे विचारल्यावर कोणी घेईना. परकीय माणूस आम्ही कधी पाहिले नव्हते, पैसे घेतले तर आम्हालाच कमीपणा, असे त्या म्हणाल्या. वर मिठाई व पंखाही दिला.

बाई जपानला पाहायला आल्या होत्या, पण प्रवासभर पाहिल्या त्याच गेल्या. युझावाला त्यांना पाहण्यासाठी लोक शेजारच्या छपरावर चढले आणि सुमारे पन्नास माणसांसह ते छप्पर खाली आले. फारशी इजा कोणाला झाली नाही. आइझूकडे त्यांनी दुर्बीण बाहेर काढताच गर्दी पळाली, कारण ती पिस्तूल वाटली. अशा वेळीही लोकांच्या वागण्यात आडदांडपणा नव्हता, हे त्या पुन्हा पुन्हा सांगतात. त्या सगळ्या गर्दीतल्या एकानेही त्या दिवशीची आपली बाजू लिहून ठेवलेली असती तर मी ती याच उत्सुकतेने वाचली असती.

25 ऑगस्ट

आज बिरातोरीची पत्रे संपवली. होक्काइदोच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ऐनूंच्या, वस्तीत बाई मुखिया पेन्रिउकु यांच्या घरी राहिल्या. त्यांच्या लिखाणात ते बेनरी आहेत. दुभाषा इतो त्सुरुकिची हा तरुण महिना 12 डॉलर पगारावर योकोहामापासून सोबत होता. हुशार, कष्टाळू, इंग्रजी सुधारण्यासाठी वहीत नवे शब्द टिपणारा, व्यवहारात आपली दलाली काढणारा आणि देशाभिमानी असा हा मुलगा पत्रांमधून फार जिवंत उतरतो. पण ऐनूंशी सभ्यपणे वागायला सांगितल्यावर तो म्हणाला, की ती माणसे नव्हेत, कुत्री आहेत. बाईंनी त्याला खडसावले. त्या स्वतः मात्र त्याच पानांत त्यांना रानटी म्हणतात आणि त्यांच्या आतिथ्याची, सौजन्याची, आवाजातल्या मार्दवाची स्तुतीही करतात. दोन्ही पुन्हा शेजारी शेजारी आहे, पण येथे खाली टीप नाही.

मला सर्वांत खटकलेली गोष्ट वेगळी आहे. ऐनूंनी आपल्या रीतिरिवाजांची माहिती दिली आणि मग विनवले, की आम्ही हे सांगितले असे जपान सरकारला कळू देऊ नका, आमचे नुकसान होईल. बाईंनी ही विनवणीसुद्धा गावाच्या नावासह आणि मुखियाच्या नावासह छापली. ऐनूंची भीती कासुकाबेच्या रात्रीसारखी निराधार नव्हती. त्यांच्या जमिनी, शिकार आणि भाषा यांवरचे दडपण वाढतच गेले, 1899 च्या कायद्याने त्यांना शेतकरी आणि जपानी बनवण्याचे धोरणच ठरवले, आणि ते मूळ रहिवासी आहेत असे कायद्यात लिहिले जायला 2019 उजाडले. लंडनमध्ये छापलेले पुस्तक टोकियोत वाचले जाईल हे बाईंना न कळण्यासारखे नव्हते.  रिवाजांची माहिती ठेवून नावे वगळता आली असती, आणि ती त्यांनी वगळायला हवी होती.