आमच्या छज्ज्याखालचं पोळं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा प्रश्न मी हसण्यावारी नेते. "वहिनी, तुम्ही गावभरच्या मधमाशा न मारता हलवता, मग तुमच्याच छज्ज्याखाली हे एवढं मोठं पोळं कसं?" दूधवाला विचारतो, समोरच्या शर्मा आंटी विचारतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर तिघीजणी हातात वाण धरून, माना वर करून हेच विचारत उभ्या होत्या.

लष्करमध्ये, चिटणीस की गोठच्या अलीकडे आमचं घर आहे. ग्वाल्हेरची जुनी घरं असतात तसंच, जाड दगडी भिंती, वर पटिया म्हणजे दगडी फरश्यांचं छत आणि दुसऱ्या मजल्याचा पुढे आलेला छज्जा. थंडीत मुरैन्याकडची सरसों पिवळी झाली की त्या छज्ज्याच्या पोटाला आग्या माशा येऊन लटकतात. एकच पोळं, पण दोन हात रुंद. जवळ घार फिरकली किंवा गांधीलमाशी आली तर त्यावरून सर्रकन लाट जाते, शेतातून वारा जावा तशी. माशा पोटं उचलून ती लाट उठवतात. ऊन तापलं की एक दिवस जागा रिकामी.

आता "हलवायचं" म्हणजे काय, तिथेच सगळी गोम आहे. माशा पाळायच्या लाकडी पेटीत नांदते ती माशी मुळात अंधारात राहणारी असते. भिंतीच्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी. आपली देशी सातेरी माशी तशी आणि मेलिफेराही तशी. मेलिफेरा युरोपातून आलेली. आज हिमाचलात असलेल्या नगरोटा बगवां इथे १९६२ साली ती आपल्याकडे रुजली. मुरैन्याच्या सरसोंच्या कडेला ज्या पेट्यांच्या रांगा दिसतात त्या हिच्या. तिथला एखादा थवा निसटतो आणि कुणाच्या तरी भिंतीत बिऱ्हाड करतो. फुलोरी ही छोटी माशी, बिचारी तळहाताएवढं पोळं डहाळीभोवती बांधते. तिन्हीसांजेला ती डहाळी अलगद कापून दुसऱ्या झुडपाला बांधता येते, पुढे राहायचं की नाही ते ती ठरवते. आग्या मात्र मोकळ्या हवेतली. तिला पेटीत कोंडलं तर ती राहत नाही, निघून जाते. तेव्हा आग्या मोहोळ "सुखरूप दुसरीकडे नेऊन ठेवतो" असं कुणी सांगितलं तर दोनदा विचारा, नेतो म्हणजे नेमकं कुठे ठेवतो?

भिंतीतलं काम वेगळं. ते मी करते आणि मला आवडतंही. रात्री सामसूम झाली की स्टीलचा पेला भिंतीला लावून कान द्यायचा. जिथे गुणगुण दाट, तिथे हात ठेवला तर थंडीच्या दिवसांत भिंत कोमट लागते. आत पिल्लं असतात आणि माशा ती जागा चौतीस-पस्तीस अंशांवर ऊबदार ठेवतात. मग दिवस ठरवायचा, तो फेब्रुवारी-मार्चमधला. कडाक्याच्या थंडीत भिंत उघडली तर पिल्लं गारठतात, पावसाळ्यात बाहेर फुलोरा नसतो. बारदानाचा धूर दोन-चार झोत, जास्त नाही. धुराने माशा घाबरून पोटभर मध पिऊन घेतात आणि एकमेकींना सावध करणारा त्यांचा वासही झाकला जातो. तो वास पिकल्या केळ्यासारखा असतो. एकीने डंख मारला की बाकीच्यांना जागा कळते ती त्यावरूनच, म्हणून नांगी नखाने लगेच खरवडून काढायची आणि त्या जागेवर धूर द्यायचा.

पिल्लांची पोळी कापून पेटीतल्या चौकटीत दोऱ्याने बांधायची, वरची बाजू वरच ठेवून, कारण पोळ्यातल्या घरांचा उतार ठरलेला असतो. मधाची पोळी बांधायच्या भानगडीत पडायचं नाही. ती जड असतात, फुटतात आणि त्या मधात माशाच बुडून मरतात. घरमालकाचं सगळं लक्ष नेमकं त्या मधावर असतं, ते सोडा. आपलं लक्ष राणीवर हवं. ती पेटीत गेली की काही माशा दाराशी येऊन, पोट वर करून पंख हलवायला लागतात. "इकडे या" म्हणून त्यांनी वास सोडलेला असतो. भिंतीवर पसरलेल्या माशा मग लेकुरवाळ्या बायकांसारख्या चालत पेटीत शिरतात. हे मी आजवर कितीदा तरी पाहिलं, पण दर वेळी हातातलं काम थांबतं.

पहिल्यांदा मात्र मी माती खाल्ली होती. नणंदेच्या घरची सातेरी होती. पोळी सुरेख बांधली, राणी सापडली, आणि पेटी ठेवली तिच्याच परसात, पन्नास पावलांवर. दुसऱ्या दिवशी दुपारी निम्म्या माशा जुन्या भोकावर दाढीसारख्या लोंबत होत्या. माशीच्या ध्यानात ठिकाण राहतं. तुम्ही तिचं घर उचलून कोपऱ्यात ठेवलंत तर ती जुन्या पत्त्यावरच जाते. म्हणून पेटी संध्याकाळी, सगळ्या परतल्यावर, जाळीने बंद करून निदान तीन किलोमीटर लांब न्यायची. हे मला माहीत होतं. वहीत लिहिलेलंही होतं. पण रात्री टेम्पो कोण बोलावणार, म्हणून आळस केला. तिसऱ्या दिवशी पेटीत माशी नव्हती. पिल्लं तशीच टाकून वसाहत निघून गेली होती. सातेरीला जागा मानवली नाही की ती हे करते. नणंद म्हणाली, "जाऊ दे, मेल्या तर नाहीत ना." मला तसं वाटेना. हलवलेली प्रत्येक वसाहत तगतेच असं नाही, आणि "आम्ही मारत नाही" असं म्हणताना मला ती रिकामी पेटी आठवते. तेव्हापासून आलेल्या फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, "राहू दिल्या तर चालतील का?"

बऱ्याचदा चालतं. फांदीला किंवा स्कूटरच्या आरशाला घोस लागलाय असा फोन आला तर मी जातच नाही. तो नवं घर शोधायला निघालेला थवा असतो. राखायला घर नाही, पोटं भरलेली, म्हणून गरीब असतो बिचारा. लांब राहा, एक-दोन दिवसांत उठून जातो. मे महिन्यातले निम्मे फोन तर कूलरचे. पंचेचाळीस अंशांत माशांना पाणी हवं असतं आणि कूलरची ओली खस म्हणजे पाणपोईच. परातीत खडे घालून पाणी सावलीत ठेवा, रोज भरा, कूलरवरची गर्दी हळूहळू तिकडे वळते. त्यासाठी भिंती कशाला फोडायच्या?

आग्याच्या बाबतीत माझं मन घट्ट झालं ते एका सोसायटीतल्या प्रकाराने. पाण्याच्या टाकीखाली मोहोळ होतं. समितीने कुणाला तरी बोलावलं, त्याने रात्री मशाल लावली. आग्या रात्रीही उडते, आणि उठली की उजेडाकडे धावते. जिन्यातली ट्यूबलाइट चालूच होती. वॉचमन आणि दोन पोरं दवाखान्यात गेली. सकाळी खालच्या फरशीवर जळक्या माशांचा सडा आणि वर मेणाचा काळा डाग. पुढच्या थंडीत त्याच डागाशेजारी नवं पोळं लागलं.

त्या परततात, हे खरं आहे. आसामात संशोधकांनी माशांची जनुकं तपासून पाहिलं, तेव्हा जुन्या जागी परत आलेल्या काही वसाहती त्याच निघाल्या. ज्या जागी पूर्वी सुखाने राहिलं तीच त्या पुन्हा शोधतात. त्यांना आमचा छज्जा आवडला त्याला काय करणार?

अर्थात सगळीकडे हेच सांगत नाही. घरात कुणाला एका डंखाने श्वास कोंडतो असं असेल, किंवा खाली शाळेचं अंगण असेल, तर पोळं जायलाच हवं. पण ते पूर्ण पोशाख घातलेल्या, उंचावरच्या कामाची सवय असलेल्या माणसांनी, दिवसाढवळ्या, धुराने हळूहळू उठवून. ते माझं काम नाही. मी शिडीवर पाचव्या पायरीच्या वर जात नाही.

आमच्या घरी एवढंच केलंय की त्या चार महिन्यांत छज्ज्याकडच्या खोलीत संध्याकाळी दिवा लावायचा नाही, पडदा ओढायचा. कपडे मागच्या गच्चीवर, कारण आग्या घोळक्याने उडून विष्ठा टाकतात आणि पांढऱ्या धोतरावर पिवळे ठिपके पडतात. मामंजींचं त्यांच्याशी भांडण आहे ते एवढंच. गल्लीतल्या पोरांना कैऱ्यांसाठी दगड मारायला दुसरं झाड दाखवलंय.

परवा सासूबाईंनी साखरांब्याची बरणी उन्हात ठेवायला काढली, दाराशीच थांबल्या आणि म्हणाल्या, "बघ गं, गेल्या का?" वर नुसतं वाळकं पोळं लटकत होतं. पावसाआधी ते बांबूने उतरवायचं आहे. छज्ज्याला चिकटलेलं मेण खरवडून चुना फासला तर वास जाईल आणि कदाचित पुढच्या खेपेला त्या दुसरीकडे बसतील. मामंजी म्हणतात, फासा. सासूबाई म्हणतात, चुना संपलाय.