दगड कुणी दाखवला?

उपग्रहावरून जागा टिपणारा रोव्हर आल्यापासून लोकांना वाटतं, जमिनीची मोजणी म्हणजे बटण दाबायचं काम. रोव्हर तुम्ही कुठं उभे आहात ते सेंटीमीटरमध्ये सांगतो. बांध कुठं होता ते त्याला काय ठाऊक? ते टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीत. जुनी टिपणं साखळी-आण्यातली: 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे गुंठा. हे माप जमिनीवर बसवायला जुन्या खुणा लागतात. कोरेगाव तालुक्यातल्या त्या शेतात एकच सापडली होती आणि दुसरीवरून अख्खं गाव बांधावर भांडत होतं.

अर्ज वाड्याचा. आबासाहेबांचं म्हणणं, तात्यांनी बांध कोरून 11 गुंठे खाल्ले. तात्यांचे वडील वाड्याचे कूळ. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानं कसणारा मालक झाला, पुढं कूळकायद्याच्या कलम 32ग ची किंमत भरून जमीन नावावर लागली. कागदावर विषय मिटला, वाड्याच्या डोक्यातून गेला नाही. त्यात यंदा वाड्यानं पाणंद अडवली, ऐन आल्याच्या काढणीत ट्रॅक्टर अडकले, म्हणून गाव तात्यांकडं. नाहीतर तात्यांसाठी चार माणसं जमली नसती. बंदोबस्ताचे पोलीस आंब्याखाली मोबाईलमध्ये.

तात्यांचा नातू पहार घेऊन माझ्यासोबत. सांगेन तिथं खणायचा. फक्त ओढ्याकडच्या घाणेरीच्या जाळीकडं वळायचा नाही. "तिथं काय न्हाई सायेब, नुसतं काटं."

आबासाहेबांची मुलगी, ॲग्रीची पदवीधर, सकाळपासून वडिलांमागं गप्प उभी होती. शिवीगाळ तात्यांच्या मेलेल्या बापापर्यंत गेली तशी म्हणाली, "आबा, दगड त्या घाणेरीच्या बुडाशी आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"बसलेय मी त्याच्यावर."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. नातू पहारीच्या टोकाकडं बघत राहिला.

जाळी बाहेरून दाट, आतून मात्र कोयत्यानं नीट छाटलेली. खाली खताचं पोतं घडी घालून ठेवलेलं, शेजारी अर्धा गाडलेला दगड, माथा बसून बसून गुळगुळीत. जागा दोघांपुरतीच. दगडावरून माप टाकलं, टिपणाशी आण्याला आणा जुळलं. बांध जिथल्या तिथं, अतिक्रमण शून्य.

पंचनाम्यात मी लिहिलं, 'उपस्थितांनी दाखविल्यावरून जुना हद्दीचा दगड मिळून आला.' आमचे एक वरिष्ठ म्हणाले, मुलीचं नाव घालून सही घ्यायची होती. त्यांना बांधावर उभं राहावं लागत नाही.

मला कोडं वेगळंच आहे. दगड दाखवला असता तर पोराचंच घर सुटत होतं, तरी तो तिच्यासाठी गप्प राहिला. आणि तिनं बोलून बापाचा दावाही घालवला, स्वतःची झाकली मूठही उघडली. दोघांनी आधी ठरवलं होतं म्हणावं, तर तिनं तोंड उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आबासाहेबांनी निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागितली. वकिलानं टाईप केलेल्या अर्जात एक मुद्दा असा: 'दगड दाखविणारी अर्जदाराची कन्या ही सामनेवाले यांच्या नातवाशी विवाह करू इच्छित असल्याने तिचे कथन ग्राह्य धरू नये.' मी जे नाव कागदावर येऊ दिलं नाही, ते बापानं आवक क्रमांकासह सरकारदप्तरी जमा केलं.

निमतान्यात बांध तिथंच राहिला. आता सुपर निमताना मागणार म्हणे. तो अर्ज मला वाचायचाय.