सक्तीची रजा आणि बँकेतला प्रामाणिकपणा

बँकेत एथिक्सचं ट्रेनिंग म्हणजे काय असतं हे आमच्या लाईनमधल्या सगळ्यांना माहितीये. ऑनलाईन मॉड्यूल येतं, नेक्स्ट नेक्स्ट करत जायचं, शेवटी दहा प्रश्न आणि सर्टिफिकेट. मार्चएंडला तर लोक काउंटर सांभाळत सांभाळत ते उरकतात. मला यात कुणाची चेष्टा करायची नाहीये, पण प्रामाणिकपणा असा येत नाही हो.

पीएनबीच्या, म्हणजे पंजाब नॅशनल बँकेच्या, मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस ब्रँचचं नीरव मोदी घोटाळ्याचं प्रकरण आठवा. तिथला एक डेप्युटी मॅनेजर 2010 पासून रिटायर होईपर्यंत, म्हणजे 2017 पर्यंत, त्याच ब्रँचला होता. स्विफ्टवरून, म्हणजे बँकाबँकांमध्ये परदेशी निरोप पाठवायच्या सिस्टिमवरून, हमीचे मेसेज जायचे आणि स्विफ्ट कोअर बँकिंगला, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबाच्या सिस्टिमला, जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे बँकेच्या पुस्तकात काहीच दिसायचं नाही. हे उघड कधी झालं? जानेवारी 2018 मध्ये नीरव मोदीच्या कंपन्यांची माणसं नेहमीसारखी लेटर ऑफ अंडरटेकिंग (कर्जासाठी बँकेने द्यायची हमी) मागायला आली, खुर्चीत आता दुसरे लोक होते, त्यांनी शंभर टक्के कॅश मार्जिन, म्हणजे हमीएवढी पूर्ण रक्कम आधी जमा करायला, मागितलं, तर हे म्हणे आम्हाला तर आधी कधी मार्जिन लागलंच नाही. मग रेकॉर्ड काढलं तर कशाचीच नोंद नाही. फार हुशारीचं काम नव्हतं ते, नियमाप्रमाणे मागायचं ते मागितलं, बस. माणूस खुर्चीतून उठला म्हणून बाहेर आलं.

म्हणूनच मला रिझर्व्ह बँकेचा सक्तीच्या रजेचा नियम एवढा महत्त्वाचा वाटतो. ट्रेझरी (बँकेचा पैसा गुंतवणारा विभाग), करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा साठा) वगैरे नाजूक जागांवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान दहा वर्किंग डे रजेवर पाठवायचं, तेही आधी न सांगता, आणि त्या काळात ऑफिसचा ईमेल सोडून कुठल्याही सिस्टिमला हात लावू द्यायचा नाही. 2021 च्या सर्क्युलरमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. पण प्रत्यक्षात काय होतं, "साहेबांशिवाय ब्रँच चालत नाही" असं कौतुकाने सांगितलं जातं आणि रजा कागदावर राहते. ज्याच्याशिवाय ब्रँच चालत नाही त्याच्याबद्दल खरंतर काळजी वाटायला हवी.

तीच गोष्ट पासवर्डची. मेकर म्हणजे नोंद एकाने करायची, चेकर म्हणजे तपासून पास दुसऱ्याने करायची, हा आमच्या कामाचा पायाच. पण काउंटरला लाईन लागलीये, ऑफिसर कस्टमरकडे गेलाय, मग "माझा आयडी टाक आणि पास करून घे" असं ओरडून सांगतात. चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेले पासवर्ड मी स्वतः पाहिलेत. स्ट्राँग रूमच्या दोन चाव्यांचंही तसंच, रजिस्टरमध्ये दोन सह्या पण दोन्ही चाव्या एकाच ड्रॉवरमध्ये. आणि यावर एखादी नवीन लागलेली पोरगी "सर मी असं नाही करणार" म्हणाली तर तिला आडमुठी म्हणतात, सीआर (वर्षाच्या कामाचा गोपनीय अहवाल) लिहिताना ते आठवणीत ठेवतात. बँकेतलं कल्चर तिथे ठरतं, मॉड्यूलमध्ये नाही.

पीएमसी या सहकारी बँकेत एचडीआयएल या बिल्डर कंपनीची कर्जं लपवायला 21 हजारांवर खोटी खाती दाखवली होती. एवढी खाती एकट्यादुकट्याच्या हातून होतात का? किती जणांच्या डोळ्यांसमोरून हे गेलं असेल आणि किती जणांनी मान खाली घातली असेल. सप्टेंबर 2019 मध्ये सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढता येतील असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं तेव्हा ब्रँचबाहेर उभ्या म्हाताऱ्या माणसांची तोंडं आठवली की अजून जीव तुटतो माझा. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत 122 कोटींची कॅश गायब असल्याचं बाहेर आलं. कॅश, म्हणजे मोजता येणारी गोष्ट!

तुम्ही कुठल्या सहकारी बँकेचे सभासद असाल तर यंदाच्या वार्षिक सभेला जा, डिव्हिडंड किती ते तर विचाराच, पण कॅश आणि ट्रेझरीतल्या किती लोकांना मागच्या वर्षी सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि अचानक कॅश मोजायला कोण आलं होतं, हेही उभं राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.