ज्या यंत्रात फ्यूज नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांचं लेथचं काम होतं. शाळा सुटली की मी तिथंच असायचो. आटे जुळवताना अण्णा एवढंच सांगायचे, "जोर लावू नगंस. आधी उलटं फिरव. टक् आवाज आला की आटा जागेवर आला, मग सुलटं फिरव." आज इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत आमचं व्हेप म्हणजे ई-सिगारेट दुरुस्तीचं आणि विक्रीचं छोटं दुकान आहे, आणि माझ्या बाकावर रोज निदान दहा वेळा तो टक् आवाज होतो.

मी इथे आलो तो मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला. दिवसाला वीस सिगारेटी ओढायचो. त्या सोडवण्यासाठी व्हेप हातात घेतलं आणि त्यातून मेकॅनिकल मॉडची ओळख झाली. पितळेची किंवा तांब्याची एक नळी, आत 18 मिलिमीटर जाडीचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा 18650 सेल, वर लिक्विड तापवून वाफ करणारी कॉइल, खाली बटण. बस्स. ना चिप, ना स्क्रीन. बटण दाबलं की सेलचा करंट थेट कॉइलमध्ये. लेथवर वाढलेल्या माणसाला हे यंत्र आवडणारच. अण्णांना फोनवर सांगितलं, तर ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "ह्यात फ्यूज कुठं हाय रं?"

नाही, म्हटलं.

"मग शॉर्ट झालं तर?"

ह्या प्रश्नाचं खरं उत्तर मला पुढे हात पोळून मिळालं. कारखान्यातली नोकरी गेली, बायकोनं आणि मी साठवलेले पैसे घातले आणि दुकान उघडलं. 20 मे 2016 ला इथे नवे नियम लागू झाले: टाकी दोन मिलिलिटरची, निकोटीन लिक्विडची बाटली दहा मिलिलिटरची, निकोटीन मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर नाही. कागदपत्रं सगळी बायकोनं सांभाळली, मी बाक सांभाळला. त्या पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाची टाकी, म्हणजे लिक्विड आणि कॉइलचा वरचा भाग, मी त्याच्या मॉडवर चढवली. त्या मॉडच्या टोपणात मधली वेगळी पिन नसते, टाकीचा तळ सरळ सेलच्या टोकावर टेकतो. अशा वेळी टाकीची मधली पिन बाहेरच्या आट्यापेक्षा स्पष्ट पुढे आलेली असावी लागते. ही पिन आत दबलेली होती. मी पाहिलं नाही. धन टोक आट्याला लागलं, आटा म्हणजे ऋण. नळी हातातच तापली. मागच्या दारातून ती अंगणात फेकली, तळाच्या भोकांतून फुस्सकन वाफ आणि धूर निघाला. तळहाताला फोड आले. ती भोकं नसती तर काय झालं असतं, ह्याचा मला आजही विचार करावासा वाटत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. मीटरवर कॉइलचा रोध मोजल्याशिवाय कुठलंही मॉड काउंटरवरून जात नाही आणि गिऱ्हाइकाला स्वतः भागाकार करता आल्याशिवाय आम्ही मॉड विकत नाही. व्होल्टला ओहमनं भागलं की अँपिअर मिळतात. भरलेला सेल 4.2 व्होल्टचा. कॉइल 0.4 ओहम असेल तर साडेदहा अँपिअर, 20 अँपिअरच्या चांगल्या सेलला सोसतात. 0.2 ओहम केली तर 21 अँपिअर, म्हणजे मर्यादा ओलांडली. काही जण चिडून निघून गेले. जाऊ दिलं.

सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे "वाफ कमी झाली, सेल नवीन आहे." मी आधी बटणाला बोट लावतो. बटण गरम लागलं की दोष तिथेच, कॉइलमध्ये नाही. स्पर्शाच्या जागा काळ्या पडल्या, आट्यांत लिक्विड साचलं, की वाटेत रोध वाढतो. 0.4 ओहमच्या कॉइलवर वाटेत फक्त 0.05 ओहम वाढला, तरी जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि चार वॅटहून जास्त उष्णता बटणापाशी निघते. सेल बाहेर काढून नळी, बटण, स्प्रिंग सगळं सुटं करायचं. आई पितळेची भांडी चिंच-मिठानं घासायची, मी तांब्या-पितळेच्या पिना तशाच घासतो. मग कोमट पाणी, आणि हाडासारखं कोरडं होईपर्यंत वाळवणं. चांदीचा मुलामा असेल तर मात्र चिंच नाही, नुसतं मऊ कापड.

दुसरी तक्रार, सेल आत खुळखुळतो. सगळे सेल मिलिमीटरपर्यंत सारखे नसतात. खालची पिन थोडी वर घ्यायची, सेल हलू नये इतकीच. जास्त घेतली तर बटण न दाबताच कॉइल तापेल. कॉइल एकाच ठिकाणी लाल होत असेल तर बटण हलकेच टिचकी मारल्यासारखं दाबत सिरॅमिकच्या चिमट्यानं वेढ्यांवरून हात फिरवायचा. आतून बाहेर सारखी लाली पसरली की मग लिक्विड शोषणारा कापूस घालायचा.

सेलच्या वेष्टनाबद्दल मी हट्टी आहे. सेलचा पूर्ण डबा ऋण असतो, धन फक्त वरचं टोक, आणि मध्ये अंतर अगदी थोडं. खांद्यापाशी टरकलेलं वेष्टन म्हणजे सेल बाद. एकदा एका घाऊक विक्रेत्यानं शंभर सेल पाठवले, वेष्टनावर 40 अँपिअर छापलेलं. थोडा भार टाकला तर चटका बसेल इतके तापले. वेष्टन सोललं तर आत दुसऱ्याच सेलवर नवा कागद चढवलेला. पैसे परत मिळाले नाहीत. सगळे पुनर्वापराला दिले. त्या महिन्याचं भाडं भरताना बायकोनं बांगड्या मोडल्या, ते मी विसरलेलो नाही.

इथे शिकणारी आपली मुलं विचारतात, सुट्टीत घरी नेऊ का? भारतात 2019 पासून ह्या उपकरणांची आयात, विक्री, साठवण सगळ्यालाच बंदी आहे. मी स्पष्ट नाही म्हणतो. सिगारेट न ओढणाऱ्याला व्हेप विकायलाही नाही म्हणतो.

1 जून 2025 ला इथे वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली. आमच्या गल्ल्याला फटका बसलाच. पण तेव्हापासून भरायचं कसं, कॉइल बदलायची कशी, हे शिकायला माणसं बाकापाशी बसू लागली. शनिवारी दोन खुर्च्या जास्त मांडतो.

अण्णा गेल्या उन्हाळ्यात आले होते. अशाच एका शनिवारी त्यांनी पितळेचं एक मॉड हातात घेतलं, टोपण उलटं फिरवलं, कान जवळ नेला. टक्. मग सुलटं बसवून नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "काम चोख हाय. आता खिशात ठेवताना बटण दाबलं जाऊ नये म्हणून काय केलंस, ते दाव." मी त्यांना बटणाभोवतीचं कुलपाचं कडं फिरवून दाखवलं.